बाईंचं 'छान'

"छान," थोरली म्हणाली आणि खडूने माखलेली बोटं तिने रुमालाला पुसली.

शेवटच्या खुर्चीपाशी उभी असलेली तिची धाकटी जाऊ खाली बसली. वाक्य जमलं म्हणून तिने शेजारच्या बेकरीवाल्याकडे बघून मान हलवली. बेकरीवाल्यानेही हलवली. मघाशी त्याचंही वाक्य छानच झालं होतं.

धाकटीचं वाक्य होतं, 'द पेशंट सीम्स टू हॅव वेंट होम.' पेशंट घरी गेलेला दिसतो. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि तिच्या वाक्यांत पेशंटखेरीज दुसरं कुणी फारसं फिरकत नसे. 'वेंट'च्या जागी 'गॉन' हवं होतं. ही चूक थोरलीला झोपेतही ऐकू आली असती. उभी हयात तिने शाळेत इंग्रजी व्याकरण शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत हा क्लास काढला होता. परदेशात कामाला जाऊ बघणारी मोठी माणसं संध्याकाळी इथे येऊन भाषेच्या परीक्षेची तयारी करत. थोरलीने चूक ऐकली, नीट ओळखली आणि जाऊ दिली.

"आता तुम्ही."

ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर उठला. त्याने घसा साफ केला. "आय ॲम सॉरी टू हॅव केप्ट यू वेट."

"चूक."

"वेटेड?"

"चूक."

ड्रायव्हरने छताकडे पाहिलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. "वेटिंग. आय ॲम सॉरी टू हॅव केप्ट यू वेटिंग."

थोरली काहीही न बोलता फळ्याकडे वळली आणि ड्रायव्हर समाधानाने खाली बसला.

बाईंची ही रीत जुन्या विद्यार्थ्यांना पाठ होती. वाक्य चुकलं की बाई 'चूक' म्हणत आणि ते सुधारेपर्यंत माणसाला उभं ठेवत. बरोबर आलं तर काहीच म्हणत नसत. आणि 'छान' म्हणाल्या, तर समजायचं की बाईंनी तुमच्या नावाने आंघोळ केली. शाळेत असतानाच त्यांनी हे ठरवून टाकलं होतं. ज्याच्या डोक्यात उजेड पडायचाच नाही, त्याच्यासाठी घसा कोरडा कशाला करायचा? पालथ्या घड्यावर पाणी. त्यापेक्षा त्याला छान म्हणावं. त्याला बरं वाटतं आणि आपला जीव वाचतो. बेकरीवाला परीक्षेत दोनदा आपटला होता, तरी त्याचं प्रत्येक वाक्य छान होत होतं. खरं काय ते त्याला सांगायला कुणी धजावत नव्हतं, कारण क्लाससाठी गरम बिस्किटं तोच आणायचा.

पण धाकटी पालथा घडा नव्हती. ड्रायव्हरलाही ते कळत होतं. मघाचं 'छान' ऐकून त्याने एकदा बाईंकडे पाहिलं, मग खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. जावाजावांच्या भांडणात जो तोंड घालतो त्याचंच तोंड पोळतं, एवढं व्यवहारज्ञान त्याच्यापाशी होतं.

"टू, मग हॅव, मग क्रियापदाचं तिसरं रूप," थोरलीने फळ्यावर खडूने ठोकून सांगितलं. "परफेक्ट इन्फिनिटिव्ह. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. कुठे वापरायचं? होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल आज काय वाटतं, ते सांगायचं असेल तेव्हा. गोष्ट मागची, वाटणं आत्ताचं. रविवारी परीक्षेला बसताना एवढं एक लक्षात ठेवा."

हे सांगताना तिने शेवटच्या खुर्चीकडे पाहिलं नाही.

क्लास सुटला. माणसं जिना उतरून गेल्यावर धाकटी खुर्च्या घडी करून भिंतीला लावू लागली. खोलीत मध्यभागी एक लांब टेबल होतं आणि त्यावरचं मेणकापड थेट जमिनीपर्यंत लोंबत असे. मेणकापडाच्या आत भिंगरीचं घर होतं. भिंगरी म्हणजे धाकटीची सात वर्षांची मुलगी. पाय एका जागी ठरत नसत म्हणून हे नाव पडलं होतं. मात्र क्लास चालू असेपर्यंत ती टेबलाखाली आपल्या कापडी अस्वलांना घेऊन मुकाट बसायची. तान्ही असल्यापासूनची ती सवय होती. धाकटी ड्यूटीवर, बाप वर्कशॉपमध्ये, मग पोर कुणाकडे राहणार? थोरलीकडे. थोरलीला मूलबाळ नव्हतं. भिंगरी तिला मोठी आई म्हणायची.

एरवी या वेळी धाकटी म्हणाली असती, "भिंगरी, मोठ्या आईला सांग, खुर्च्या आवरल्या." गेले कित्येक महिने घरातला सगळा कारभार असा पोरीच्या मार्फत चालला होता. "भिंगरी, तुझ्या आईला विचार, चहा घेणार का." "भिंगरी, मोठ्या आईला सांग, नको." दोघी एकाच ओट्याशी, कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ उभ्या असायच्या, आणि पोर बिचारी मध्ये उभी राहून निरोप पोचवायची.

आज धाकटी सरळ बोलली.

"मला वाटलं होतं, तुम्ही मला नीट शिकवणार नाही."

थोरली डस्टर झटकत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे, आपलं जे झालं त्यानंतर..." धाकटीने शेवटची खुर्ची भिंतीला टेकवली. "पण तसं केलं नाहीत. तेवढ्यापुरतं बरं वाटलं."

"दूध तापत ठेवलंय," थोरली म्हणाली आणि आत निघून गेली. दूध अजून फ्रिजमध्येच होतं.

जे झालं ते स्वयंपाकघरात झालं होतं. धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, वेल्डर. तो आधीच परदेशी गेला होता. कंपनीने त्याला राहायला घर देऊ केलं होतं, पण बायकोमुलं याच वर्षात आली तरच. बायकोला तिथे यायचं तर भाषेची परीक्षा पास व्हायला हवी होती. ही खेप हुकली तर पुन्हा कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. हे सगळं नवराबायकोने फोनवर परस्पर ठरवलं आणि थोरलीला कळलं ते भिंगरी शेजारणीला सांगत होती तेव्हा. थोरली तणतणत आत गेली होती. पोरीला एवढी वाढवली, मला एका शब्दाने विचारलं नाहीस, असं काहीसं म्हणाली होती. तेव्हा धाकटीने हातातली बशी ओट्यावर आपटली होती.

"विचारायचं काय? मुलगी माझी आहे. तुमची नाही."

बशीला तडा गेला होता. ती दोघींपैकी कुणीही अजून फेकून दिली नव्हती.

पुढे दिराचा फोन आला. "वहिनी, तुझ्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही, तू हिला तयार कर," असं तो लाडीगोडीने म्हणाला. त्याला थोरलीने शाळकरी वयापासून जेवू घातलं होतं. त्याला नाही म्हणणं तिला जमलं नाही. हो म्हटलं. आणि पहिल्याच दिवशी धाकटीने चुकीचं वाक्य म्हटल्यावर तिच्या तोंडून निघून गेलं, "छान."

तिने ठरवलं नव्हतं. पण निघून गेल्यावर मागेही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. मग त्याची गोडी लागली. मी तिला खोटं काहीच शिकवत नाही, ती स्वतःला समजवायची. फळ्यावर लिहिते ते सगळं बरोबर असतं. चूक तिची असते, मी फक्त सांगत नाही. न सांगणं हा काय गुन्हा आहे? धाकटी नापास होईल, भिंगरी इथेच राहील, आणि कुणाशी एक शब्दही भांडावं लागणार नाही. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

शुक्रवारी दुपारी थोरली भिंगरीच्या वेण्या घालत होती. त्यांच्यामागे धाकटी युनिफॉर्मला इस्त्री करत होती. तिची संध्याकाळची ड्यूटी होती. खिडकीपाशी थोरलीचा नवरा पेपर वाचत बसला होता. घरातल्या भांडणात त्याचा पक्ष पहिल्यापासून ठरलेला होता. तो पेपराचा पक्ष.

"हलू नकोस," थोरली म्हणाली.

"मांजर गेली का बघतेय."

"कुठली मांजर?"

"जिन्यातली." भिंगरीने मान लांब केली, वेणी थोरलीच्या हातातून सुटली. पोरीने डोळे मिचकावले आणि एखादा लाडू पुढे करावा तसं वाक्य पुढे केलं. "द कॅट सीम्स टू हॅव वेंट होम!"

थोरलीचा कंगवा केसांतच राहिला. सात वर्षांची पोर, कुणीही न शिकवता, टेबलाखाली बसून नुसत्या कानाने एवढं लांब वाक्य उचलते! आनंदाने तिचा ऊर भरून आला. आणि जीभ आपली सवयीने चालली.

"चूक. गॉन. टू हॅव गॉन होम."

"वेंट," भिंगरी म्हणाली.

"गॉन."

"नाही गं मोठी आई, वेंट! काल आई म्हणाली तेव्हा तूच छान म्हणालीस. टू हॅव वेंट होम. पेशंट. मी ऐकलं ना."

इस्त्रीचा घासण्याचा आवाज थांबला.

 पेपराचं पान उलटायच्या बेतात होतं, ते उलटलं नाही. मग कापड करपल्याचा वास आला आणि धाकटीने इस्त्री उभी केली.

"भिंगरी, खाली जाऊन खेळ."

"एकच वेणी झालीये."

"एका वेणीने खेळ."

पोर पायऱ्या वाजवत खाली गेली. धाकटीने युनिफॉर्म उचलून पाहिला. खिशाजवळ इस्त्रीच्या टोकाचा पिवळट डाग पडला होता. तिने तो नखाने खरवडला, जणू निघणारच होता.

"ते चूक होतं?"

थोरलीने कंगव्यातले केस काढले. त्यांची गुंडाळी केली.

"मी विचारतेय. ते चूक होतं?"

"होतं."

"आणि त्याच्या आधीचं? सोमवारचं? गेल्या महिन्यातली?"

थोरलीने कंगवा खाली ठेवला.

"बेकरीवाल्याला पण छानच म्हणता तुम्ही," धाकटी सावकाश म्हणाली. एकेक गोष्ट तिच्या ध्यानात येत होती आणि तसा आवाज चढत होता. "त्याला आणि मला. ड्रायव्हरला कधी नाही. त्या पोराला नाही, ज्याने पहिल्याच फटक्यात परीक्षा काढली, त्याला तर रडवलं होतंत. मी मूर्ख. मला वाटायचं, मला बोलत नाहीत, म्हणजे मन साफ केलं असेल यांनी. मी भिंगरीच्या बाबांनाही फोनवर सांगितलं, वहिनी कशी मनापासून शिकवते ते!"

"मी तुला चुकीचं काही शिकवलं नाही."

"नाही शिकवलंत. चुकीचं राहू दिलंत. केसाने गळा कापलात."

"आवाज खाली कर."

"का? कोण ऐकेल? भावोजी?" पेपर किंचित वर सरकला. "सगळ्यांना ऐकू दे! रविवारी मी तिथे तोंड उघडणार होते, आणि ते माझ्याकडे बघून हसणार होते. तुम्हाला तेच बघायचं होतं."

"मला काही बघायचं नव्हतं," थोरली म्हणाली. तीही आता उभी राहिली होती. "तू जा ना. कोण अडवतंय? तुझा नवरा आहे, तुझा संसार आहे, खुशाल जा."

"आणि भिंगरी? तिला इथे ठेवून जाऊ? तुमची सोय म्हणून?"

"हो."

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि थोरलीलाच तो परका वाटला. इतक्या महिन्यांत खरं असं ती हे एकच बोलली होती.

धाकटीने युनिफॉर्म हातावर टाकला.  "तेव्हा मी म्हणाले होते ना, तुमची नाही म्हणून? बोलल्यावर मला तीन रात्री झोप नव्हती. वाटायचं, जीभ हासडून टाकावी. आता पुन्हा म्हणते. तुमची नाही. आणि आता मला छान झोप लागेल."

ती तशीच, खिशावरचा डाग घेऊन, ड्यूटीवर गेली. थोडा वेळ गेल्यावर पेपराच्या मागून आवाज आला.

"फार झालं हं हे."

"तुम्ही वाचा," थोरली म्हणाली.

शनिवारी क्लासला सुट्टी असायची. थोरली तरीही पुढच्या खोलीत येऊन बसली. तिला लाज वाटत होती. पश्चात्ताप नव्हे, धाकटीवरचा राग होता तसाच होता, तिने शुक्रवारी म्हटलेला प्रत्येक शब्द अंगाला काट्यासारखा रुतला होता. लाज वाटत होती ती भिंगरीच्या तोंडी बसलेल्या चुकीची.

कारण 'वेंट' काही निघत नव्हतं. सकाळपासून तिने पोरीला चार वेळा सांगून पाहिलं. दूध पिताना, दात घासताना, मोजे घालताना. पोर 'गॉन' म्हणायची आणि दोन मिनिटांनी जिन्यात आपल्या अस्वलाला सांगायची, ही सीम्स टू हॅव वेंट. पोरीच्या कानाने एकदाच नीट ऐकलं होतं आणि त्यावर मोठ्या आईचा शिक्का होता. ती चूक आता त्या इवल्याशा जिभेवर घर करून बसली होती. पोर तिकडे जावो नाहीतर इथे राहो, ही चूक तिच्याबरोबर राहणार होती. आयुष्यभर थोरलीने दुसऱ्यांच्या पोरांच्या जिभा साफ केल्या. आणि आपल्या पोरीच्या जिभेवर घाण स्वतःच्या हाताने ठेवली. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात ती स्वतः पडली असती तर तिने एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पोर पडली होती.

दार उघडलं. धाकटी आत आली. तिने भिंतीला लावलेली एक घडीची खुर्ची घेतली, ती उघडून अगदी पुढे, फळ्यासमोर मांडली आणि बसली. तिच्या पाठोपाठ भिंगरी आली आणि मेणकापड उचलून टेबलाखाली गेली.

"उद्या परीक्षा आहे," धाकटी समोरच्या रिकाम्या फळ्याला म्हणाली. "शिकवायचं नसेल तर आत्ताच सांगा. मी बेकरीवाल्याकडे जाते."

थोरली उठली. "उभी राहा."

धाकटी उभी राहिली.

"टू हॅव घालून वाक्य."

धाकटीने तिच्या डोळ्यांत डोळे घातले. आज तिच्या वाक्यात पेशंट नव्हता. "यू वेअर सपोज्ड टू हॅव टीच मी."

तुम्ही मला शिकवायला हवं होतंत. 

"चूक. टॉट."

"यू वेअर सपोज्ड टू हॅव टॉट मी."

थोरली काही बोलली नाही. "पुढचं."

"आय वॉज अ फूल टू हॅव बिलीव्ह यू."

"चूक. बिलीव्हड. शेवटचा ड खाऊ नकोस, ऐकू येऊ दे."

"आय वॉज अ फूल टू हॅव बिलीव्हड यू!"

"पुढचं."

"यू आर अ... यू आर मीन टू हॅव डू धिस."

"चूक."

"डिड धिस."

"चूक. तिसरं रूप. इतके दिवस कान कुठे होते?"

"माझे कान जागेवरच होते! तुमचं तोंड जागेवर नव्हतं!" धाकटी ओरडली, आणि त्याच दमात म्हणाली, "यू आर मीन टू हॅव डन धिस."

"पुढचं."

अशी जुंपली. धाकटीला जे जे म्हणायचं होतं ते ती म्हणत होती, आणि थोरली प्रत्येक शिवी धुऊनपुसून, शुद्ध करून तिच्या हातात परत देत होती. कधी एकाच शब्दासाठी ती तिला पाच पाच वेळा तेच वाक्य म्हणायला लावत होती. धाकटीच्या वरच्या ओठावर घाम आला. एकदा ती रडकुंडीला आली. थोरलीने पाण्याचा ग्लास पुढे केला नाही, 'पुन्हा' म्हणाली. आतल्या खोलीत पेपराची पानं जागची हलत नव्हती. एवढ्या कडाक्याने तिने त्या पहिल्या फटक्यात पास झालेल्या पोरालाही शिकवलं नव्हतं. आणि चुका कमी होत होत्या. थोरलीला ते ऐकू येत होतं. एकेक चूक निघत होती तशी एकेक गाठ सुटत होती, आणि ती स्वतःच्या हाताने पोर दाराबाहेर नेऊन ठेवत होती, हेही तिला कळत होतं. तरी जीभ थांबत नव्हती. अर्धवट शिकवणं तिला येतच नव्हतं.

"पुढचं," ती म्हणाली.

धाकटीपाशी शिव्या उरल्या नव्हत्या. तिने मनगटाने ओठ पुसला. तिची नजर थोरलीवरून ढळून टेबलाकडे गेली. मेणकापडाच्या खालून एका पायाचा मोजा बाहेर आला होता. थोरलीनेच सकाळी तो चढवला होता. बराच वेळ धाकटी मनातल्या मनात शब्द जुळवत राहिली. बोलली ते मात्र तशाच कडक, भांडखोर आवाजात.

"शी इज लकी टू हॅड टू मदर्स."

"चूक," थोरली म्हणाली. "टूच्या पुढे हॅव कुठे गेलं?"

"शी इज लकी टू हॅव टू मदर्स."

"चूक. तो आत्ताचा अर्थ झाला. मागचं सांगायचंय की आत्ताचं?"

"मागचं."

"मग हॅव, आणि त्याच्यापुढे पुन्हा हॅड. दोन्ही हवेत. नीट, एका दमात."

धाकटीने श्वास घेतला.

"शी इज लकी टू हॅव हॅड टू मदर्स."

वाक्य बरोबर होतं. थोरलीच्या कानाने ते आधी तपासलं, शब्द न् शब्द, आणि जागच्या जागी आहे म्हणून पुढे सोडलं. अर्थ मागून आला. तिला दोन आया लाभल्या, हे तिचं भाग्य. लाभल्या होत्या. गोष्ट मागची. वाटणं आत्ताचं.

ती फळ्याकडे वळली. फळ्यावर आज काहीच लिहिलेलं नव्हतं. तरी तिने डस्टर घेतलं आणि वरच्या कोपऱ्यापासून पुसायला सुरुवात केली.

"बरोबर आहे?" धाकटीने विचारलं.

डस्टर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं.

"सांगा ना. बरोबर आहे का?"

मेणकापड हललं आणि भिंगरीचं डोकं बाहेर आलं. आईला एवढी साधी गोष्ट कळू नये याचं तिला नवल वाटलं असावं.

"अगं आई, मोठी आई काही बोलत नाही ना, म्हणजे बरोबर असतं."

पोर पुन्हा आत गेली. आतून तिचा हलका आवाज येत राहिला. अस्वलांना ती ते नवं वाक्य सांगत होती. टू हॅव हॅड, टू हॅव हॅड. एकही चूक नव्हती.

"पुढचं वाक्य," थोरली फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली.